जुळे सोलापूरच्या मागं कोल्हा दिसला तर काय करायचं

थंडी पडायला लागली की ग्रुपवर तो व्हिडिओ येतोच. कारच्या हेडलाइटमध्ये दोन डोळे चमकतात, शेपटी दिसते न दिसते, आणि खाली कोणतरी टाकतं "बिबट्या आलाय, पोरं आत घ्या". दुसरा म्हणतो लांडगा आहे, तिसरा म्हणतो तरस, आणि चौथा लंडनच्या कोल्ह्याचा व्हिडिओ टाकून म्हणतो अरे काय घाबरताय, तिकडं तर लोक अंगणात हातानं खायला घालतात. मला विचाराल तर ह्या चौघांत सगळ्यात डेंजर तो चौथा, का ते पुढं सांगतो.

विजापूर रोडचं टोक, सैफुल, सोरेगाव, कुमठे, होटगी रोड, इकडं केगाव, बाळे, हिप्परगा तलावाची बाजू, ह्या सगळ्या भागात रिकामे प्लॉट, वेडी बाभूळ, ओढा आणि मागं ऊस किंवा कडवळ असं एकाला एक लागून आहे. उंदीर भरपूर, चिकनवाल्यानं रात्री टाकलेली पिसं-आतडी भरपूर. मग कोल्हा येणारच की, न यायला काय झालं. तर तो आला की नेमकं काय करायचं हे एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतो.

आधी बघा की आहे कोण

आपल्याकडं ह्या कुळातले तीन प्राणी आहेत आणि लोक तिघांनाही कोल्हाच म्हणतात. खोकड, कोल्हा, लांडगा. पुढचं सगळं ह्यावर ठरतं म्हणून जरा नीट बघा.

खोकड म्हणजे आपला देशी फॉक्स. लई बारका असतो, वजन दोन ते चार किलो, म्हणजे घरातल्या बोक्याएवढाच समजा. पाय काटकुळे, तोंड टोकदार, कान अंगाच्या मानानं मोठे, आणि शेपूट झुबकेदार, टोकाला काळी. लाइटमध्ये आला की पळत सुटतो आणि पळताना ती शेपूट मागं आडवी तरंगते. हा माळाचा प्राणी आहे, नान्नज, मार्डी, अकोलेकाटीकडच्या गवताळ माळावर दिसतो. झाडी आणि ऊस ह्याला फारसा आवडत नाही, त्यामुळे अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये खोकड आलं असं कोणी म्हटलं तर मी आधी फोटो मागतो.

कोल्हा त्याच्या दुपटी-तिपटीचा, साधारण आठ-दहा किलो, गावठी कुत्र्यापेक्षा थोडा कमी. रंग मातकट सोनेरी, पाठीवर काळपट राखाडी केस, शेपूट तोकडी आणि खाली लोंबती. शेपटीचं टोक ह्याचंही गडद असतं, म्हणून नुसतं टोक बघून ठरवू नका, साइज बघा, कान बघा. संध्याकाळी नाहीतर पहाटे एकानं सूर लावला की सगळे ओरडतात ती कोल्हेकुई ह्याचीच. शहराच्या कडेला, उसात, ओढ्याला, कचऱ्यावर जो दिसतो तो दहात नऊ वेळा हाच.

लांडगा वीस किलोच्या आसपास, पाय लांब, छाती अरुंद, चाल एकसारखी, मान खाली घालून निघालेला. शहरात शक्यतो येत नाही, मेंढरांच्या मागं असतो. तरस असेल तर पुढून उंच मागून उतरतं अंग आणि अंगावर पट्टे, ते ओळखायला काही लागत नाही. आणि बिबट्याची शेपूट लांब, जवळजवळ अंगाएवढी असते, पाय जाड असतात, त्यामुळे पुढच्या वेळी व्हिडिओ आला की शेपूट बघा आणि मग पोरं आत घ्या.

प्राणी दिसला नाही पण येऊन जातोय असा संशय असेल तर सकाळी बांधावर नाहीतर एखाद्या वर आलेल्या दगडावर विष्ठा बघा. मुद्दाम उंचावर ठेवल्यासारखी असते. काडीनं फोडून बघितली की (हातानं नाही, काडीनं, आणि नाकाजवळ न नेता) आत बोरांच्या बिया, किड्यांचे चमकणारे कडक पंख, उंदराचे केस असं सगळं सापडतं. कुत्र्याच्या विष्ठेत बोराच्या बिया एवढ्या नसतात. खोकडाचं बीळ माळावर असतं आणि त्याला तोंडं अनेक असतात, तोंडाशी ताजा मुरूम उकरून टाकलेला दिसला तर समजा राहतं आहे.

धोका किती, खरं खरं

धडधाकट खोकड माणसाला काही करत नाही. तुम्ही दिसलात की ते बिळात. उंदीर, टोळ, वाळवी, सरडे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, हे त्याचं खाणं, शेतकऱ्याला उलट फायदाच. धडधाकट कोल्हाही माणसापासून लांब राहतो, कोंबडी आणि करडू मात्र सोडत नाही, आणि कलिंगड, मका, ऊस ह्यात नुकसान करतो. द्राक्षंसुद्धा खातो बरं का. सोनाका द्राक्ष ज्या नान्नज गावातनं आलं त्या गावाच्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट कशाला लागतील.

खरा धोका एकच, रेबीज. पिसाळलेला कोल्हा. आणि इथंच तो लंडनवाला व्हिडिओ घात करतो. लंडनमध्ये जो आहे तो रेड फॉक्स, आपल्या खोकडापेक्षा मोठा, तांबडा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून शहरात घुसलेला, आणि आता साधारण दहा हजार तरी असतील असं म्हणतात. पण ब्रिटनमधल्या कुत्र्या-कोल्ह्यांत रेबीज नाही. त्यामुळे तिकडं कोल्हा चावला तर जखम, टाके, पेपरात बातमी, आणि संपलं. तिथंही चावलेत, २०१० ला लंडनच्या हॅकनी भागात घरात शिरून पाळण्यातल्या जुळ्या मुलींना जखमी केलं होतं, म्हणजे हातानं खायला घालून धीट केलेला प्राणी तिकडंही काय करू शकतो ते दिसलंच. आपल्याकडं त्याच चाव्यात जीव जाऊ शकतो, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की वाचवता येत नाही. मुंबईत ट्रॉम्बे-चेंबूरच्या बाजूला २०२४ मध्ये मेलेल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज सापडला तेव्हा तिकडची लोकं एकदम जागी झाली, आपल्याकडं अजून "कोल्हाच आहे की" चालू आहे.

मग पिसाळलेला कसा ओळखायचा? एक गोष्ट आधी सांगतो, दिवसा दिसला म्हणजे पिसाळलाच असं नाही. ऊसतोड चालू असताना फड मोकळा झाला की कोल्हे भर दुपारी रस्त्यावर येतात, पिल्लं असली की आई-बाप दिवसाही शिकार करतात. बघायचं ते वागणं. माणूस बघून पळत नाही, उलट सरळ चालत येतो, काठी, टायर, दगड जे दिसेल त्याला चावतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, स्वतःशीच गोल फिरतो. ह्यातलं काहीही दिसलं की जवळ जायचं नाही. कुत्र्यांकडून येणारा डिस्टेंपर नावाचा आजारही असाच दिसतो, माणसाला तो होत नाही, पण लांबून तुम्हाला-मला फरक कळणार नाही, म्हणून पिसाळलेलाच समजायचं.

समोर आलाच तर पळू नका. तोंड त्याच्याकडं ठेवून मागं सरका, पोरगं असेल तर उचलून कडेवर घ्या, हातात बॅग, छत्री, चप्पल काय असेल ते तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, मोठ्यानं ओरडा. धडधाकट असेल तर एवढ्यात गेला. पिसाळलेला असेल तर ओरडल्यानं फरक पडत नाही, तेव्हा गाडीत बसा, गेट लावा, गच्चीवर जा, आणि १९२६ ला फोन लावा, ती वनविभागाची टोल फ्री हेल्पलाइन आहे. फोनवर "कोल्हा आलाय" एवढंच सांगू नका, कुठं आहे, कुठल्या दिशेला गेला, कोणाला चावला का, चालताना लटपटत होता का, हे सांगा. आणि कृपा करून पंचवीस जण मोबाईल घेऊन मागं धावू नका राव. कोपऱ्यात सापडला की कुठलाही प्राणी चावतो, आणि चावे बसतात ते बहुतेक ह्या असल्या घेऱ्यातच.

चावलं तर, किंवा नुसतं ओरबाडलं तरी

हा भाग घरात सगळ्यांना वाचून दाखवा, शेतावरच्या गड्याला पण.

पहिलं काम दवाखाना नाही, नळ. जखमेवर पाण्याची धार सोडायची आणि साबण लावून धुवायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं म्हणजे खरंच पंधरा, लोक दोन मिनिटांत पाणी बंद करतात कारण झोंबतं आणि घाई असते. साबण कुठलाही चालतो, कपड्याचा असला तरी चालतो. जखम खोल असेल तर कडा जरा उघडून आतपर्यंत पाणी जाऊ द्या, घासू नका. साबणानं व्हायरसवरचं वेष्टण फुटतं आणि तो तिथंच मरतो, म्हणून हे काम इंजेक्शनइतकंच महत्त्वाचं आहे, इंजेक्शन येईपर्यंतचा टाइमपास नाही. शेतात असाल तर मोटार चालू करा आणि पाइपाखाली पाय धरा. मग बीटाडीन असेल तर लावा.

हळद, चुना, मिरचीपूड, कॉफी, तेल, तंबाखू, पाला, ह्यातलं काही म्हणजे काहीच लावायचं नाही. पट्टी घट्ट बांधायची नाही. टाके लगेच घालून घ्यायचे नाहीत, घालायचेच पडले तर आधी सीरम आत जाऊ द्या, ते डॉक्टर ठरवतील. आणि मंत्र, गंडा, कुठल्या तरी गावात जाऊन पाणी पिऊन येणं, हे ज्याला करायचंय त्यानं इंजेक्शन घेतल्यावर करावं, मी नाही अडवत.

मग त्याच दिवशी सिव्हिलला. दोन गोष्टी मिळायला पाहिजेत, दोन्ही विचारून घ्या. एक लस, जी दंडात देतात, पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना जमाना झाला. दंडाच्या मांसात देत असतील तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ ला, आणि कातडीत देत असतील तर ०, ३, ७, २८ ला. दुसरी गोष्ट सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जे जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. लस अंगात काम करायला लागेपर्यंत दिवस जातात, तेवढे दिवस हे सीरम सांभाळतं. जंगली प्राणी चावला की ती जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर, कॅटेगरीची धरायची असं आपल्या देशाच्या गाइडलाइनमध्येच आहे, मग ती बारीक असली तरी. त्यामुळे "छोटंसं आहे, लस पुरे" असं कोणी म्हटलं तर नम्रपणे सांगा, डॉक्टर, कुत्रा नाही, कोल्हा होता. सीरम पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत घेता येतं, नंतर त्याचा उपयोग नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन ते देतीलच.

इथं लोक एक घोळ हमखास घालतात. "दहा दिवस बघू, प्राणी जिवंत राहिला तर काही नाही" हा नियम फक्त पाळीव कुत्र्या-मांजराचा, आणि तिथंही लस चालू करूनच बघायचं असतं. कोल्ह्याला तुम्ही दहा दिवस कुठं बघत बसणार? तो हिप्परग्याच्या पलीकडं गेला. तेव्हा थेट कोर्स चालू, आणि बरं वाटतंय म्हणून मधला डोस चुकवायचा नाही. गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं बाळ, शुगरवाले आजोबा, सगळ्यांना देता येते.

म्हशीला किंवा कुत्र्याला चावला असेल तरी हेच, धुणं आणि जनावरांच्या डॉक्टरला लगेच फोन. पाळलेल्या जनावराला चावल्यानंतरही लसीचा कोर्स असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पिसाळलेल्या म्हशीच्या तोंडात हात घालून "काय अडकलंय का" बघणारे असतात, ते करू नका, घास गिळता येत नाही हेच त्या रोगाचं लक्षण असतं.

येऊच नये म्हणून

कोल्हा खायला येतो. खाणं बंद केलं की येणं कमी होतं, दुसरं औषध नाही. कचरा रात्री बाहेर ठेवू नका, सकाळी घंटागाडी आली की द्या. सोसायटीजवळ चिकनचं दुकान असेल तर त्याच्याशी भांडण्यापेक्षा चार जण मिळून सांगा की मामा, ते वेस्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, ओढ्यात टाकू नका. महापालिकेकडं तक्रार त्यानंतर. रिकाम्या प्लॉटवरची वेडी बाभूळ मालकाकडून काढून घ्या, लपायला तीच असते. भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर जो भात-चपाती ढीग टाकतात तोही रात्री कोल्हाच खातो, खायला घालायचंच तर वेळ ठरवून, समोर उभं राहून, आणि उरलेलं उचलून.

कोंबड्या असतील तर खुराड्याकडं जरा पैसे घाला. ती षटकोनी बारीक चिकन जाळी असते ना, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कोल्हा बाहेर ठेवायला नाही, दातानं ओढून फाडतो. वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची वेल्ड केलेली जाळी घ्या. आणि कोल्हा वरून कमी येतो, खालून जास्त, उकरून. म्हणून जाळी जमिनीत फूटभर गाडा, किंवा त्याहून सोपं म्हणजे खुराड्याच्या बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरा, भिंतीच्या जाळीला तारेनं शिवून टाका आणि वर माती-दगड टाका. तो भिंतीच्या बुडाशीच उकरायला जातो, खाली जाळी लागते, दोन फूट मागं जाऊन उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. दाराला नुसती कडी नको, खिट्टी असलेली पाहिजे. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आत. रात्रभर दिवा लावून फार उपयोग होत नाही, चार रात्रीत सवय होते.

करडं असतील तर रात्री बंद गोठ्यात. धनगर लोक मेंढरांना वाघर (जाळ्याचं कुंपण) लावून मध्ये बसवतात आणि कुत्रं बाहेर ठेवतात, ती पद्धत अजून सगळ्यात भारी आहे.

आता कुत्र्यांचं. हे जरा लोकांना आवडत नाही पण बोलतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात (१९७९ चं आहे ते) अबी वनक ह्या संशोधकानं खोकडांना आणि गावातल्या कुत्र्यांना रेडिओ कॉलर लावून वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यातून दिसलं ते असं की जिथं कुत्री फिरतात ती जागा खोकड टाळतं, कुत्रं जवळ असलं की समोरचं खाणंही सोडतं, आणि डिस्टेंपर, पार्व्हो असले रोग कुत्र्यांत फिरत राहतात नि तिथून खोकडाला जातात. म्हणजे आपण कोल्ह्याला घाबरतो आणि रोगाचं कोठार आपल्याच गल्लीत बसलेलं. भारतात माणसाला होणारा रेबीज जवळपास सगळा कुत्र्यामुळंच होतो. म्हणून शेतावर कुत्रं असेल तर दरवर्षी अँटी रेबीज टोचा, सोबत ते डिस्टेंपर-पार्व्होवरचं सेव्हन-इन-वन पण टोचा, आणि रात्री माळावर मोकळं सोडू नका. कोल्हा मारून गावाला जेवढं संरक्षण मिळतं त्याच्या कितीतरी पट ह्या एका कामानं मिळतं.

"मारूनच टाकू की मग"

हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये कोणतरी बोलतंच. तर सरळ सांगतो, नाही चालत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कोल्हा, खोकड, लांडगा सगळे संरक्षित आहेत आणि कलम ९ नं शिकारीला बंदी आहे. आणि शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही. कायद्यातली व्याख्या बघितली तर मारणं, विष घालणं, फास लावणं, जाळं लावणं, हाकारा करून पळवणं, आमिष टाकणं, आणि ह्यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच येतं. लांडग्यासारखा पहिल्या शेड्यूलमधला प्राणी असेल तर तीन ते सात वर्षं आत. अंगावर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मेला तर गुन्हा होत नाही, कलम ११ मध्ये ते आहे, पण मेलेला प्राणी सरकारचा, त्याला पुरून टाकायचं नाही, वनविभागाला कळवायचं. उसाला करंट सोडणारे तर डोक्यावर पडलेले आहेत, त्यात कोल्ह्याच्या आधी शेजारच्या शेतातला माणूस जातो, आणि मग केस वन्यजीवची राहत नाही.

विष घातलेलं मांस टाकलं की काय होतं? आधी खातं गावातलं कुत्रं, मग घार, मग मांजर, आणि कोल्हा मिळालाच तर शेवटी.

मारल्यानं रेबीज जातो हा समज जगभर होता, युरोपात त्यावर बक्कळ पैसा आणि काडतुसं गेली. कोल्हे मारले, बिळांत गॅस सोडला, रोग पुढं सरकतच राहिला, कारण एक जोडी मेली की त्या मोकळ्या जागेत बाहेरची पोरं येतात, भांडतात, चावतात आणि रोग आणखी लांब जातो. मग १९७८ ला स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यात लस घालून ती रानात टाकायला सुरुवात झाली, कोल्ह्यांनी ती खाल्ली, आणि त्या मार्गानं पश्चिम युरोपातल्या कोल्ह्यांतला रेबीज संपला. आपल्याकडं तसं कोल्ह्यांना लस टाकायचं काम चालत नाही, आपल्या हातात आहे ते कुत्र्याला टोचणं.

आणि इंग्रजांची ती लाल कोट घालून घोड्यावरनं शिकारी कुत्र्यांची टोळी मागं सोडायची शिकार, ती काही रोग हटवायला नव्हतीच, तो साहेबी शौक. इकडं आले तरी सुटला नाही, उटीला फॉक्स मिळेना म्हणून कोल्ह्यामागं कुत्री सोडायचे. त्यांच्याच देशात आता ती बंद आहे, २००४ चा हंटिंग अॅक्ट, १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू, स्कॉटलंडनं त्याच्याही आधी २००२ ला कायदा केला. नुसता वास सोडून त्यामागं कुत्री पळवायची असा एक प्रकार तिथं चालतो आणि त्याच्या आडून खरी शिकार होते म्हणून अजून भांडणं चालूच आहेत. आपल्याकडं कोणी "साहेब लोक करायचे" म्हणून टिमकी वाजवत असेल तर त्याला हे सांगा.

अजून एक. "कोल्ह्याचं शिंग" म्हणून केसाळ गोळा विकतात, तिजोरीत ठेवला की पैसा येतो म्हणे. कोल्ह्याला शिंग नसतं. कातडी आणि हाडाचा तुकडा चिकटवून, शेंदूर लावून बनवलेली ती फसवणूक असते, आणि त्यात खरं कातडं निघालं तर ते घरात ठेवणं हाच गुन्हा, विकणाऱ्याबरोबर घेणाराही आत जातो. यात्रेत असो नाहीतर ऑनलाइन, कोणी दाखवलं तर फोटो आणि ठिकाण वनविभागाला द्या.

पिल्लं, विहीर आणि पंचनामा

खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात, त्याच सुमाराला ऊसतोडही चालू असते आणि फडात कोल्ह्याचीही पिल्लं सापडतात. टोळीतलं कोणतरी उचलून आणतं, पोरं दूध पाजतात, सेल्फी होतात. करू नका. आई जवळच असते, अंधार पडला की येऊन एकेक तोंडात धरून नेते. तेवढ्या कोपऱ्यातली तोड एक दिवस थांबवा, कुत्री बांधून ठेवा, आणि वनविभागाला सांगा. उचललीच असतील तर हातमोजे घालून, नाहीतर जाड पोत्यात धरून, जिथनं उचलली तिथंच ठेवा, संध्याकाळच्या आत. घरी पाळायचा तर विषयच नाही.

विहिरीत पडला असेल तर खाली कोणी उतरायचं नाही, घाबरलेला कोल्हा उतरणाऱ्याला चावतो. कपारीला बसला असेल तर घाई नाही. पोहत असेल तर दोन दोरांना बाज नाहीतर मोठं टोपलं बांधून पाण्यावर सोडा, तो त्यावर चढून बसतो, मग १९२६ वाले येईपर्यंत तिथंच बसू द्या. तिरपा लांब ओंडका किंवा शिडी टाकून सगळे लांब गेले तर काही वेळा रात्रीत स्वतःच निघून जातो. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधा, हे कोल्ह्यासाठी नाही, तुमच्याच पोरांसाठी.

मेलेला सापडला तर हात लावू नका, कुत्र्यांना ओढू देऊ नका. वनविभागाला कळवा, रेबीजची टेस्ट मेंदूवर होते त्यामुळे डोकं फोडलेला किंवा पेटवून दिलेला प्राणी काही सांगू शकत नाही.

कोल्ह्यानं किंवा लांडग्यानं माणूस जखमी केला, करडं-मेंढरं मारली, तर सरकारी भरपाई मिळते. त्याला घटना झाल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वनपाल, वनरक्षक किंवा रेंज ऑफिसला कळवावं लागतं. मेलेलं जनावर हलवू नका, पंचनामा जागेवरच होतो, पंचनामा होईपर्यंत वर ताडपत्री आणि कडेला दगड ठेवा म्हणजे कुत्री खाणार नाहीत. गळ्यावरच्या दातांच्या खुणांचे फोटो जवळून आणि लांबून दोन्ही काढा, मोजायला बाजूला काडीपेटी ठेवा. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, आधार, पासबुकची झेरॉक्स, माणसाला चावलं असेल तर सिव्हिलचे केसपेपर आणि औषधांची बिलं, हे सगळं एका फाइलीत. पंचनाम्यावर सही करायच्या आधी वाचा, त्यात "कुत्रा" लिहिलंय का "कोल्हा" ते बघा, कुत्र्यानं मारलं असं गेलं तर ही भरपाई मिळत नाही.